टोन एकट्याचा नसतो

नमस्कार. मी बेस गिटार गळ्यात अडकवला तसा पुढच्या रांगेतून प्रश्न आला, पिकअप कुठले आणि तारा कुठल्या? ते सगळं येईल, पिकअप म्हणजे तारेची हालचाल टिपणारा चुंबक हेही. आधी एका रेकॉर्डिंगबद्दल बोलू द्या.

बँडमध्ये वाजवायला लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मी माझा टोन खोलीत एकटा बसून ठरवायचो. अ‍ॅम्पवर बेस म्हणजे खालचा पट्टा चढवलेला, ट्रेबल म्हणजे वरचा पट्टाही चढवलेला आणि मिड म्हणजे मधला पट्टा पार तळाला. एकट्याने ऐकायला हा आवाज फार देखणा लागतो. खाली भरदार, वर लख्ख. मग एकदा आमच्याच कार्यक्रमाचं, प्रेक्षकांत बसून केलेलं रेकॉर्डिंग हाती आलं. ड्रम होते, दोन्ही गिटार होत्या, गायिका होती. बेस नव्हता. खाली काहीतरी घुमत होतं, पण मी कोणता स्वर वाजवतोय ते माझं मलाच कळेना. त्या गाण्यांच्या ओळी मी महिनोन्‌महिने घासून बसवल्या होत्या, त्यामुळे त्या रात्री मला मनापासून वाईट वाटलं. आज मी जे बोलणार आहे त्याची सुरुवात तिथे आहे. बेसचा टोन सगळे वाजत असताना ठरतो, आणि एकट्याने ठरवलेला टोन बहुतेक वेळा तिथे टिकत नाही.

असं का होतं ते बघू. ही सगळ्यात जाड तार, ई. मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. ए 55 वेळा, डी 73, जी 98. आता तुमच्या फोनचा चिमुकला स्पीकर घ्या. 41 हर्ट्झ काढणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. तरीही फोनवर गाणं लावलं तर बेसवाला ई वाजवतोय हे तुम्हाला कळतं. कारण तार 41 बरोबरच 82, 123, 165 अशा पटींतही थरथरत असते. तंबोऱ्यातून जे स्वयंभू स्वर ऐकू येतात ते याच घराण्यातले. हे वरचे उपस्वर कानावर पडले की त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच उभा करतो. तो प्रत्यक्षात नसला तरी!

म्हणजे कुठला स्वर वाजतोय ही ओळख मोठ्या प्रमाणात त्या उपस्वरांत आहे, आणि बँडच्या गर्दीत ती साधारण 200 ते 800 हर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येते. मी नेमका तोच पट्टा कापून टाकला होता. जे शिल्लक ठेवलं होतं त्यातलं तळाचं पायाने वाजणाऱ्या किक ड्रमने झाकलं आणि वरचं झांजा आणि गिटारनी. मिड वाढवला की एकटं ऐकताना आवाज जरा नाकातून आल्यासारखा वाटतो, काहींना तो कुरूपही वाटेल. पण ड्रम सुरू झाले की तोच आवाज जागेवर बसतो. हे मी सांगून पटण्यासारखं नाही, थोड्या वेळाने ऐकवतोच.

आता हात. ‘टोन बोटांत असतो’ हे आपण सगळे म्हणतो, पण बोटांत म्हणजे नक्की कशात? पहिली गोष्ट म्हणजे जागा. या बेसवर नटपासून ब्रिजपर्यंत, तारेच्या एका आधारापासून दुसऱ्यापर्यंत, 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर तार आहे. ही लांबी लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून रुळलेली. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, पॉल टटमार्कने फ्रेट असलेला इलेक्ट्रिक बेस बनवला होता, पण तो चालला नाही. ‘प्रिसिजन’ हे नाव फ्रेटमुळे पडलं. डबल बेसवर स्वराची जागा कानाने शोधावी लागते, इथे ती धातूच्या पट्टीने पक्की केली. असो, मुद्दा तारेवरच्या जागेचा. ज्या बिंदूवर तुम्ही छेडता, तिथे ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू असतो तो उपस्वर जन्मालाच येत नाही. ऐका. ही बरोबर मध्यावर छेडतो, बाराव्या फ्रेटच्या वर. सम क्रमांकाचे सगळे उपस्वर गेले, आवाज पोकळ आणि गोल झाला. आता नेक, म्हणजे वाद्याची मान, संपते तिथे. आता दोन पिकअपच्या मधे. आणि आता ब्रिजला चिकटून. तार तीच, बोट तेच, अ‍ॅम्पच्या एकाही बटणाला हात लावलेला नाही. पंधरा सेंटिमीटर हात सरकला की वाद्य बदलल्यासारखं वाटतं. गाण्यात कडव्याला पुढे आणि धृपदाला मागे, एवढं हात सरकवणं ज्याला जमलं त्याच्याकडे दोन टोन झाले.

दुसरी गोष्ट आपल्याकडून फार दुर्लक्षित राहते. स्वर सुरू कसा होतो यावर आपण तासन्‌तास बोलतो. नखाने की मांसल भागाने, पिकने की अंगठ्याने. तो थांबतो कुठे? मोकळी ई तार छेडून सोडून दिली तर कितीतरी सेकंद तिची आस राहते. तेवढा वेळ ती पुढच्या स्वरावर चढून बसते, किकचा ठोका मऊ करते आणि सगळ्यांच्या खाली चिखल करून ठेवते. ऐकणारा म्हणतो, बेस नीट ऐकू येत नाही. मग आपण आवाज वाढवतो आणि चिखल दुप्पट होतो.

थांबवण्यासाठी डावा हात दाब सोडतो पण तारेला स्पर्श ठेवतो. पूर्ण उचलला तर मोकळी तार बोलू लागते. उजव्या हाताचं पुढचं बोट तारेवर नुसतं टेकलं तरी स्वर संपतो. ज्या तारा आपण वाजवत नाही त्यांचीही जबाबदारी आपलीच आहे. वरच्या तारांवर जाताना अंगठा पिकअपवर अडवून न ठेवता ई आणि ए वरून घसरत यावा, म्हणजे त्या गप्प राहतात. माझा रोजचा रियाज सांगतो. मेट्रोनोम मिनिटाला 60 वर. एक ते चार मोजायचं, पहिल्या ठोक्यावर स्वर आणि दुसऱ्या ठोक्यावर शांतता. जवळपास दुसऱ्या ठोक्याला थांबलं की झालं, असं मुळीच नाही. ड्रमरच्या स्नेअर ड्रमचा ठोका जिथे पडतो बरोबर तिथे स्वर तुटायला हवा. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा कळेल, सुरू करण्यापेक्षा थांबवणं अवघड आहे. पण हे बसलं की ड्रमर तुमच्याकडे बघून हसायला लागतो. आवाज एक काडीही न वाढवता बेस मोठा वाटतो.

बेसवादक जेम्स जेमर्सनचं उदाहरण इथेच घ्यायला हवं. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत त्याचा 1962 चा प्रिसिजन आहे. उजव्या हाताची एकच तर्जनी, तारा जाड आणि फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेल्या, तुटेपर्यंत न बदललेल्या, आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. त्या फोममुळे प्रत्येक स्वर ठळक उमटून लगेच विरतो. त्याच्या ओळी किती गजबजलेल्या असतात! तरी त्या गायकाच्या वाटेत येत नाहीत, कारण प्रत्येक स्वर पुढच्याला जागा करून देतो. बेसवादक कॅरल के यांचा हात याच्या उलट. त्या पिकने वाजवतात, पण त्यांच्याही तारा फ्लॅटवाउंड आणि त्यांच्याही तारांवर आवाज दाबणारा फेल्टचा तुकडा. दोघांचा टोन शेजारी ठेवून ऐका. अजिबात सारखा नाही, पण दोघांच्या स्वरांना नेमका शेवट आहे.

आणि लॅरी ग्रॅहॅम. स्लॅप कुठून आला माहीत आहे? तो आईबरोबर वाजवायचा आणि त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. मग अंगठ्याने तार ठोकून किक आणि बोटाने तार खेचून स्नेअर, अशी ड्रमची जागा त्याने बेसवर भरून काढली. आज आपण स्लॅपचा टोन म्हणून जो शोधतो, तो मुळात संगतीतल्या एका रिकाम्या जागेतून जन्माला आलेला आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

तारांबद्दल थोडं. राउंडवाउंड म्हणजे गाभ्यावर गोल तारेचा वेढा. आवाज पियानोसारखा झणझणीत, बोटाची घासही ऐकू येते. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, तार गुळगुळीत, वरचे उपस्वर लवकर मावळतात. ‘द हू’ या बँडच्या जॉन एन्टविसलला 1966 च्या सुमारास रोटोसाउंड कंपनीच्या राउंडवाउंड तारा हव्याशा वाटल्या, कारण त्याच्या बँडमध्ये एकच गिटार होती आणि बेसला वरची जागा मोकळी होती. तुमच्या बँडमध्ये दोन गिटार आणि कीबोर्ड असतील तर ती जागा आधीच भरलेली आहे, तिथे जुन्या, जरा मंदावलेल्या तारा छान बसतात. दर महिन्याला नव्या तारा चढवणाऱ्यांनी एकदा तरी त्या सहा महिने राहू द्याव्यात.

पिकअपचा प्रश्न होता. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. तो जिथे बसवला आहे तिथलीच तारेची हालचाल त्याला दिसते. नेककडे मूळ स्वर जास्त, ब्रिजकडे उपस्वर जास्त. छेडण्याच्या जागेचा जो नियम मघाशी सांगितला, तोच ऐकण्याच्या जागेला. प्रिसिजनवर 1957 पासून दोन तुकड्यांचा पिकअप आला. दोन्ही तुकडे उलटसुलट गुंडाळलेले, त्यामुळे विजेची गुणगुण एकमेकांना खाऊन टाकते. त्याची जागा अशी साधली आहे की मधला पट्टा आपोआप पुढे येतो, म्हणून ध्वनिमुद्रणात हा बेस फारसे लाड न करता बसतो. फेंडरचाच जॅझ बेस 1960 चा, त्यावर दोन पिकअप. दोन्ही पूर्ण उघडले की गुणगुण जाते, पण दोन जागांचे आवाज एकमेकांत मिसळताना मधले काही उपस्वर कटतात. एकट्याने ऐकायला गोड. बँडमध्ये हरवलात तर नेकच्या पिकअपचं बटण केसभर मागे घ्या. थोडी गुणगुण परत येईल, पण मिडही परत येईल. बेसवादक जॅको पास्टोरियसचा फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसचा, आवाज असाच ब्रिजच्या पिकअपकडे झुकलेला आहे, म्हणून तो एवढ्या वाद्यांतून गातो.

पिकअप तारेच्या फार जवळ आणू नका. चुंबक तारेला ओढतो, आस कमी होते आणि वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो.

अ‍ॅम्पवर मी थोडक्यात बोलतो, कारण यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. 100 वॉटचा 200 वॉट केला तर फरक 3 डेसिबल, जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यापेक्षा स्पीकरचं कॅबिनेट कुठे ठेवलंय ते बघा. मोकळ्या ए तारेच्या स्वराची तरंगलांबी सव्वासहा मीटर आहे. कॅबिनेट मागच्या भिंतीपासून दीड मीटरच्या आसपास असेल तर भिंतीवरून परतणारी लाट उलटी येऊन भेटते, आणि नेमका तो ए पडतो. बाकीचे स्वर ठणठणीत, एकच मेलेला. लोक मग पिकअप बदलतात! कॅबिनेट भिंतीला टेकवून बघा. आणि बेसची लाट ‘तयार व्हायला’ लांब उभं राहावं लागतं हा समज सोडून द्या. तसं असतं तर हेडफोनवर बेस ऐकूच आला नसता.

पाच तारांच्या बेसबद्दल मागून कुणीतरी विचारतंय. खालची बी साधारण 31 हर्ट्झची. गाण्याचा सूर ई च्या खाली जात असेल तर तिचा खर्ज अप्रतिम आहे. पण ती तार ढिली वाटते, म्हणून काही कारागीर 35 इंचांची लांबी घेतात. घेतलीत तर तिला गप्प ठेवायची सवय आधी लावा. वाजवायचं काम तुलनेने कमीच पडतं. बरेच जण तिच्यावर अंगठा टेकवतात, ते उत्तम.

आणखी एक प्रश्न आलाय, तो मला महत्त्वाचा वाटतो: ज्याला बँडच नाही, जो घरी एकटाच वाजवतो, त्याने टोन कसा ठरवायचा? गाणं लावा. बेसचा आवाज इतका कमी करा की तो जेमतेम ऐकू येईल. त्या पातळीवर सगळी बटणं मध्यावर ठेवून वाजवायला लागा आणि स्वर ओळखू येईपर्यंत मिड वाढवत जा. आवाज वाढवायचा नाही. मग फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा, आणि दुसऱ्या दिवशी, वाजवण्याची नशा उतरल्यावर ऐका. एकट्या खोलीतही संगत अशी तयार करता येते.

आता जे आपले बेस घेऊन आलेत त्यांनी पुढे या. ड्रमर मघापासून बसलेला आहे. आधी माझा जुना, मिड काढलेला टोन वाजवतो, मग हा. डोळे मिटून ऐका आणि मी कुठला स्वर वाजवतोय ते सांगा.