भिंतीपलीकडचा खर्ज

रसिकहो, आत्ता आपण सर्वांनी मिळून जो नवा इलेक्ट्रॉनिक हिप-हॉप अल्बम ऐकला, तो महानगरातील जगण्यातून सुचला आहे, असे त्याच्या निर्मात्यानेच सांगितले आहे. त्यातील शहर नेमके कोठे ऐकू येते, हे मला आज रचना उलगडत दाखवायचे आहे. अल्बमविषयी आलेले लेखन वाचून मी खट्टू झाले. प्रत्येकाने रॅपमधील ओळी उद्धृत केल्या, हॉर्न आणि आगगाडीचा खडखडाट कोणत्या रचनेत आहे याची नोंद केली. मात्र खर्जाबद्दल, म्हणजे ज्याला आपण बेस म्हणतो त्याबद्दल, कोणी एक वाक्यही लिहिले नाही. माझ्या मते या अल्बममधील शहर त्या खर्जातच आहे.

असे मी का म्हणते, ते सांगण्यासाठी थोडे मागे जाते. पंचविशीत मी एका मोठ्या शहरात, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत राहत होते. शेजारच्या खोलीत रोज रात्री दहाच्या सुमारास एकच गाणे लागत असे. भिंतीतून त्याचे शब्द येत नसत, चाल येत नसे, गाणारा पुरुष आहे की स्त्री हेही कळत नसे. येई तो फक्त एक जाड, गोल ठोका, जो कानाआधी भिंतीला टेकलेल्या पाठीला जाणवे. सुरुवातीला मी चिडत असे. पुढे नकळत ठोके मोजू लागले: तीन ठोके, दीर्घ श्वासाएवढी रिकामी जागा, पुन्हा दोन ठोके, आणि दर चौथ्या आवर्तनात शेवटचा ठोका किंचित रेंगाळून येई. त्या रेंगाळण्याची मी वाट पाहू लागले. वर्षभरात ते गाणे मला तळाकडून पाठ झाले. एका रात्री जिना चढत असताना शेजारचे दार उघडे होते, आणि ते गाणे मी पहिल्यांदाच संपूर्ण ऐकले. मला ते ओळखता आले नाही. त्यात एक स्त्री अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखी गात होती, आणि मी इतके दिवस ज्याला दांडगा उत्सव समजत होते ते विरहाचे गाणे निघाले. दार लागले आणि माझे गाणे परत आले. त्या शेजाऱ्याशी माझे कधी बोलणे झाले नाही. तरी ज्या रात्री ठोका वाजत नसे, त्या रात्री मला त्याची काळजी वाटे.

यामागचे भौतिकशास्त्र सरळ आहे. जड भिंत उंच स्वर अडवते आणि खालचे स्वर सोडते. ढोबळ नियम असा, की वारंवारता, म्हणजे हर्ट्झमध्ये मोजली जाणारी दर सेकंदाची कंपने, दुप्पट झाली की भिंतीची अडवण्याची क्षमता सुमारे ६ डेसिबलने वाढते. ५० हर्ट्झच्या स्वराची हवेतील तरंगलांबी जवळपास ७ मीटर, म्हणजे बहुतेक खोल्यांहून मोठी असते. या संगीताचा कणा ठरलेल्या रोलँड टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या जपानी यंत्राचा बेस ड्रम, म्हणजे खर्जातला ढोल, याच ५० हर्ट्झच्या आसपास घुमतो. तो ध्वनिमुद्रित ढोल नाही. विजेचे मंडल झंकारते आणि विझत जाते, तोच त्याचा आवाज. १९८० मध्ये बाजारात आलेले हे यंत्र खऱ्या ढोलासारखे वाजत नाही म्हणून फारसे खपले नाही, १९८३ मध्ये बंद झाले, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून स्वस्तात हिप-हॉपवाल्यांच्या हाती पडले. जगाच्या मोठ्या भागात घराघरातील विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचाच आहे, हा योगायोग मला फार भावतो. अर्थात हिप-हॉपच्या मायदेशी, अमेरिकेत, तो ६० आहे.

हिप-हॉपचा जन्म ज्या मेजवानीशी जोडला जातो, ती ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या निवासी इमारतीच्या सामाईक खोलीत झाली, आणि तेथे डीजे कूल हर्क तबकड्या वाजवत होता. हे संगीत सुरुवातीपासूनच असे शेजाऱ्यांच्या घरांमध्ये वाजत आले आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी हाती आली आहे, त्यामुळे अकरा रचनांऐवजी दोनच घेते.

चौथ्या रचनेत सुरुवातीचे पाऊण मिनिट सर्व आवाज लो-पास फिल्टरमधून येतात. हे फिल्टर भिंतीचेच काम करते: वरचे कापते, खालचे ठेवते. नंतर ते हळूहळू उघडते आणि रॅपरचा आवाज पुढे येतो. लोकांनी याला नाट्यमय प्रवेश म्हटले. मला येथे उघडणारे दार ऐकू येते, कारण आत गेल्यावर रॅपर शहराचे वर्णन करत नाही, एका आजारी माणसाशी बोलतो.

सातवी रचना मला उणी वाटते. तेथे शब्द इतके पुढे आणले आहेत की खर्जाला जागाच उरत नाही, आणि पेरलेले हॉर्न ती उणीव भरू शकत नाहीत.

मोबाइलच्या स्पीकरवर ५० हर्ट्झ जवळजवळ उमटतच नाही, म्हणून तेवढ्यावर ऐकून या अल्बमबद्दल मत बनवू नये, अशी कळकळीची विनंती आहे. आता चौथी रचना पुन्हा लावत आहोत. ज्यांना शक्य आहे त्यांनी मागच्या भिंतीला पाठ टेकून बसावे.