कवडसे

श्रोतेहो, नमस्कार. कौलारू घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना कवडसा समजावून सांगण्याची गरज नाही. सावंतवाडीजवळच्या आमच्या घरावर मातीचे नळे होते. हिवाळ्यात वानरे त्यांवरून उड्या मारीत, नळे सरकत, आणि उन्हाळ्यात घर शाकारले जाईपर्यंत माजघराच्या सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे गोल ठिपके हिंडत राहत. दुपारी निजायची सक्ती झालेली आम्ही मुले ते ठिपके मुठीत पकडू पाहत असू. नळ्यांमधल्या फटी वेड्यावाकड्या असत, पण कवडसे मात्र नेहमी गोल पडत. फट वाकडी आणि कवडसा गोल, असे का, हे आम्ही कोणालाही विचारले नाही. त्याचे उत्तर 16 फेब्रुवारी 1980 रोजी आमच्या आजीने, तिच्याही नकळत, आम्हाला दिले.

त्या शनिवारी खग्रास सूर्यग्रहण होते. खग्रास पट्टा दक्षिणेला कारवार-अंकोल्यावरून जाणार होता. आमच्याकडे खंडग्रास असले, तरी सूर्याचा फार मोठा भाग झाकला जाणार होता. आजीने वेध पाळले, दुधात, लोणच्यात आणि पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्रे टाकली, आणि दुपारी आम्हा सगळ्यांना माजघरात घेऊन दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. खिडकीच्या फटीत तिने गोणपाटसुद्धा कोंबले. ग्रहणाचा एक किरणही घरात येऊ नये, एवढा तिचा बंदोबस्त होता. छपराकडे मात्र तिचे लक्ष गेले नाही.

आजी पाटावर जप करीत बसली होती. काही वेळाने माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या लुगड्याकडे बोट दाखवले आणि ती ओरडली, ‘‘आजये, तुझ्या मांडीर चंद्रकोर!’’ आजीच्या मांडीवर, समईजवळ, भिंतीवर, सगळ्या जमिनीवर कवडसे होते, आणि त्यांतला एकही गोल नव्हता. सगळ्यांचा एकाच बाजूचा लचका तोडलेला होता. आजी दचकून उठली आणि पाट उचलून कोपऱ्यात गेली, तर तिथेही दोन कोरी तिची वाट पाहत होत्या. ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तिथेही तेच. मग ती माजघराच्या मधोमध उभी राहिली, तिने वर पाहिले, खाली पाहिले आणि म्हणाली, ‘‘सूर्य घरात इलो मगो!’’

यानंतर जे घडले ते सांगताना मला अजूनही हसू आवरत नाही. जपमाळ बाजूला ठेवून आजीने काकांचे पांढरे धोतर मागवले आणि ते जमिनीवर अंथरले, म्हणजे कोरी नीट दिसाव्यात. आम्ही धोतराभोवती बसलो. कोरी बारीक होत गेल्या, कापलेल्या नखाएवढ्या उरल्या. घर गार पडले, आणि परसातल्या कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरल्या. पुढे कोरी पुन्हा फुगू लागल्या, तेव्हा धोतरावरची कुठली कोर आधी पूर्ण होते यावर काकांनी पैज लावली. सगळ्या एकाच वेळी गोल होणार हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. ग्रहण सुटल्यावर आजीने सर्वांना मोक्षस्नान घातले, आणि आपण ग्रहण चक्क पाहिले आहे या हिशेबाने पुन्हा एकदा घातले.

कारण थोडक्यात सांगतो. लहान फटीतून आत येतो तो फटीचा आकार नव्हे, तर सूर्याची प्रतिमा, आणि तीही उलटी. कवडसा रोज गोल दिसतो, कारण सूर्य गोल आहे. ग्रहणात कोरीसारखा दिसतो, कारण सूर्यच कोरीएवढा उरलेला असतो.

जाता जाता माझी एक जुनी तक्रार. सूर्याच्या प्रकाशात प्रथम ओळखल्या गेलेल्या हेलियम वायूचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. या शोधाशी दोन खगोलशास्त्रज्ञांची नावे जोडली जातात, फ्रान्सचे जान्सेन आणि इंग्लंडचे लॉकयर. 1868 च्या ग्रहणात जान्सेन यांनी निरीक्षण केले ते आंध्रातल्या गुंटूरला. लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गावर आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’, म्हणजे त्यांच्या उपकरणांसाठी बांधलेले ओटे, पाहण्यासारखे आहेतच, त्यांना उसन्या कीर्तीची गरज नाही.

आमच्या घरावर आता स्लॅब आहे. घर गळत नाही, आणि कवडसेही पडत नाहीत. परंतु 2 ऑगस्ट 2027 रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसण्याचा योग आहे. ऑगस्टातले आभाळ आहे, तेव्हा भरवसा धरू नका. पण ऊन पडलेच, तर बुंदीचा झारा घेऊन अंगणात जा, सूर्याकडे पाठ करा आणि झाऱ्याची सावली पांढऱ्या भिंतीवर पाडा. झारा भिंतीपासून दोन-तीन हात लांब धरा, आणि पुन्हा सांगतो, सूर्याकडे पाठच करा. झाऱ्यातून सूर्याकडे पाहायचे नाही, भिंतीकडे पाहायचे.