बॉक्स ब्लेड घेताना: आधी टायर मोजा, मग माती बघा

(दृश्य: यावलकडचा शिवरस्ता. चाकोऱ्या खोल गेलेल्या, केळीची ट्रॉली हेलकावे खात चाललेली.)

अशा रस्त्यानं ट्रॉली काढली की घडावर घड घासतो, सालीला डाग पडतो आणि भाव तिथंच उतरतो. रस्त्यावर मुरूम टाकून साधं ब्लेड फिरवलं, तर निम्मा मुरूम कडेनं निसटून बांधाला लागतो. ट्रॅक्टरमागे लावायच्या बॉक्स ब्लेडला दोन्ही बाजूंनी जाड पत्रे असतात. उंचवट्यावरची माती त्या पेटीत धरली जाते आणि खड्डा आला की आपोआप त्यात सुटते.

पाटपाण्यासाठी मोठं शेत सपाट करायचं असेल, तर लेझर लेव्हलरच भाड्यानं लावा. तेवढी बारीक पातळी बॉक्स ब्लेडला जमत नाही. शिवरस्ता, खळं, गोठ्यापुढचं अंगण, शेडचा भराव, ही बॉक्स ब्लेडची कामं.

दुकानात जाण्याआधी टेप घ्या आणि मागच्या दोन्ही टायरची मिळून बाहेरून बाहेर रुंदी मोजा. १३.६-२८ चे टायर असतील आणि मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर १३२ सेंटिमीटर असेल, तर ती साधारण १६७ सेंटिमीटर भरते. ५ फुटी ब्लेड १५२ चं, म्हणजे टायरची खूण मागे राहणारच. ६ फुटी १८३ चं, ते दोन्ही बाजूंना ८-८ सेंटिमीटर जास्त झाकतं. अशा ट्रॅक्टरला ६ फुटीच घ्या.

मग वजन. आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार उचलते, खाली दाबत नाही. पातं जमिनीत घुसतं ते अवजाराच्या वजनानं. साक्रीकडच्या कडक मुरमाड माळावर हलकं ब्लेड नुसतं वरून घसरत जातं. फुटाला ५० किलो धरा, म्हणजे ६ फुटीचं वजन ३०० किलोच्या आसपास हवं. त्यात अर्धी पेटी मुरूम भरला की आणखी पाव टन. एवढं सगळं मागे लटकल्यावर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजनं लावल्याशिवाय पेटी भरून उचलू नका.

(जवळून: फणाची पिन काढून फण वर सरकवला जातो.)

फण, म्हणजे पात्यापुढचे जमीन उकरणारे दाते, पिनेवर वर-खाली होणारेच हवेत. वेल्डिंगनं पक्के केलेले फण असलेलं ब्लेड स्वस्त मिळालं तरी सोडून द्या, कारण शेवटचे फेरे फण वर घेऊनच मारायचे असतात. खालच्या जोडाच्या पिनाही बघा: कॅटेगरी १ ची पिन २२ मिलिमीटरची, कॅटेगरी २ ची २८ ची. मोठ्या भोकात बारीक पिन तशीच घातली तर ती आपटत राहते आणि भोक लांबट होतं. बुश (पिनेवर चढवायची नळी) बसवा.

बाकी सगळी करामत टॉपलिंकची, म्हणजे ब्लेडला ट्रॅक्टरशी वरून जोडणाऱ्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या दांड्याची. आखूड केली की ब्लेड पुढे झुकतं, फण आणि पुढचं पातं जमीन धरतात. लांब केली की मागचं पातं टेकतं आणि माती पसरते. लिफ्ट पोझिशन कंट्रोलवर ठेवा, म्हणजे ब्लेड लावलेल्या उंचीवरच राहतं. ड्राफ्टवर ठेवली, तर ओढ वाढताच ब्लेड स्वतःच वर येतं.

नव्या माणसाच्या हातून रस्त्यावर लाटा पडतात. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की मागचं ब्लेड खाली जाऊन खणतं. चाक खड्ड्यात उतरलं की ब्लेड उचललं जाऊन माती सांडतं. पुढच्या फेऱ्याला त्याच लाटा वाढतात. तेव्हा टॉपलिंक थोडी लांब करा, कमी गियरमध्ये जेमतेम २-३ सेंटिमीटर कापा आणि जागा असेल तिथं तिरके फेरे मारा.

३ मीटरच्या रस्त्याला मधला भाग कडेपेक्षा ६ ते ७ सेंटिमीटर उंच ठेवा. त्यासाठी उजव्या बाजूच्या लिफ्ट रॉडनं (खालचा जोड उचलणारा दांडा) ब्लेड एका अंगाला झुकवा. तापीकाठच्या काळ्या मातीत हे काम वाफशावरच करायचं. ओली असेल तर पेटी चिखलानं भरते, पार वाळली तर ढेकळं निघतात.

फण जमिनीत असताना वळू नका, रिव्हर्स तर घेऊच नका; फण वाकतो, कधी लिंक वाकते. आणि बिल करण्याआधी पात्याच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर लिहून घ्या. पातं दोन्ही धारांनी वापरता येणारं असलं, तर एक बाजू झिजल्यावर उलटवता येतं. दोन्ही झिजल्या की त्याच मापाचं पातं जळगाव-धुळ्यात मिळतंय का, हे आधीच विचारून ठेवा.