ऊन कडक म्हणजे पाऊस चांगला?

श्रोतेहो, नमस्कार. ‘यंदा ऊन कडक आहे, पाऊस चांगला होणार,’ असं दर उन्हाळ्यात कानावर पडतं. त्यात तथ्य किती?

मे महिन्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानची जमीन तापते, हवेचा दाब उतरतो, समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे आत येतात. इथवर खरं आहे. पण जमीन दुष्काळाच्या वर्षीही तापतेच! मान्सूनचा जोर ठरतो तो उपखंड आणि तिबेटच्या पठारावरची हवा किती उंचीपर्यंत तापली आणि विषुववृत्ताजवळच्या हवेपेक्षा ती किती उबदार राहिली यावर. अंगणातल्या पाऱ्यावरून हे कळत नाही.

म्हणून अंदाज बांधताना दूरच्या जमिनीचाही विचार होतो. भारतीय हवामान विभागाच्या १९८८ च्या सोळा घटकांच्या मॉडेलमध्ये उत्तर आणि मध्य भारतातलं पावसाळ्याआधीचं किमान तापमान होतं. २००२ मध्ये पाऊस सरासरीच्या ८१ टक्केच झाला आणि तो अंदाज साफ चुकला. २००७ मध्ये आणलेल्या पद्धतीत वायव्य युरोपचं जानेवारीतलं तापमान होतं. तिथला हिवाळा उबदार गेला, तर आपल्याकडे पाऊस बरा होण्याकडे कल असतो.

आता हिशेब पाहा. देशाचा हंगामी पाऊस सरासरीच्या साधारण १० टक्के वरखाली होतो. तापमानाचा पावसाशी सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जोडीने वरखाली होतात ते सांगणारा आकडा, ०.४ असेल, तर त्याच्या वर्गाइतका, म्हणजे पावसाच्या चढउताराचा १६ टक्केच भाग त्यातून उलगडतो. उरलेल्या ०.८४ चं वर्गमूळ घेतलं, तर दहा टक्क्यांची अनिश्चितता जेमतेम ९.२ वर येते. एकट्या तापमानाच्या भरवशावर राहू नये, ते यासाठी.

स्वतः आकडेमोड करणाऱ्यांनी आधी प्रत्येक महिन्याच्या तापमानाचा सरासरीपासूनचा फरक काढावा. मग तापमानवाढीचा कल वजा करावा. हे करायचं राहिलं, की वर्षागणिक चढणारा पारा पावसाशी खोटंच नातं दाखवतो. तीस वर्षांच्या नोंदींत ०.३६ पेक्षा कमी सहसंबंध धरूच नये. शंभर ठिकाणांचं तापमान पावसाशी ताडून पाहिलं, तर पाचेक निव्वळ योगायोगानेही ही मर्यादा ओलांडतील, म्हणून ज्यामागचं भौतिक कारण सांगता येतं तेच ठिकाण निवडावं.

आणि शेवटची दहा वर्षं सुरुवातीलाच बाजूला ठेवावीत. ठिकाण निवडतानासुद्धा त्यांना हात लावू नये. मॉडेलची परीक्षा त्या वर्षांवरच घ्यायची असते. जुनी नाती सैल होतात, म्हणून २१ वर्षांच्या सरकत्या खिडकीतून, म्हणजे फक्त अलीकडच्या २१ वर्षांवरून, सहसंबंध दरवर्षी पुन्हा मोजावा.