चिकटूच द्यायचं नाही

ही पिवळसर नळी बघा आणि बघून झाली की शेजाऱ्याकडे द्या. कोरी आहे, घाबरू नका. लघवीची नळी, हॉस्पिटलच्या भाषेत फोलीज. बोटाला गुळगुळीत लागते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर खाचखळगे दिसतात. टोकाजवळच्या भोकाची कडा तर फारच खडबडीत असते. नळी आत राहिली की लघवीत जंतू सापडायची शक्यता दररोज साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढत जाते.

जंतू थेट प्लास्टिकवर बसतो असं नाही. नळी आत गेल्यावर काही मिनिटांतच तिच्यावर शरीरातल्या प्रथिनांचा थर चढतो. जंतूला बसायला सतरंजी मिळाली म्हणा ना! मग तो स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतो. न घासलेल्या बादलीच्या तळाला हात लावला की जे लागतं, तेच. त्या आवरणाखाली अँटिबायोटिकचं फारसं चालत नाही. प्रोटियस नावाचा जंतू तर युरिया फोडून अमोनिया करतो, त्यामुळे लघवीतले क्षार साचतात आणि बोअरच्या पाण्याने नळाची जाळी चोंदावी तशी नळी चोंदते.

पहिला विचार साहजिकच मारण्याचा झाला. नळीला चांदीचा लेप द्या! ब्रिटनमधल्या 24 हॉस्पिटलांत, 7 हजारांहून जास्त रुग्णांवर याची चाचणी झाली. 2012 साली निष्कर्ष आले: थोड्या दिवसांसाठी घातलेल्या नळीत चांदीने संसर्ग कमी झाला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. मेलेल्या जंतूंचा थरही पुढच्यांना सतरंजीच की.

म्हणून दुसरी वाट, बसूच न देण्याची. तुम्ही म्हणाल, अळवाचं पान करा. पण अळवावर पाणी ठरत नाही ते पानावरच्या हवेच्या थरामुळे, आणि सतत बुडवून ठेवलं की ती हवा निघून जाते. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अँथनी ब्रेनन यांनी शार्ककडे पाहिलं. जहाजाच्या तळाला शेवाळ धरतं, शार्कला धरत नाही. तिच्या कातडीसारखी नक्षी, सुमारे 2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या उंचवट्यांची, त्यांनी प्लास्टिकवर उठवली. औषधाचा एक कणही नाही, नुसता आकार.

आमच्या कामाला जवळची वाट अळवाच्या उलटी आहे: पृष्ठभागाला पाणी इतकं घट्ट धरून ठेवायला लावायचं की प्रथिनाला टेकायला जागाच उरू नये. त्यासाठी पाण्याची ओढ असलेल्या रेणूंचे केस प्लास्टिकवर उगवायचे. सिलिकोन, म्हणजे अशा बऱ्याच नळ्या ज्या रबरासारख्या पदार्थाच्या करतात तो, मात्र कशालाच दाद देत नाही. त्याला आधी प्लाझ्मात, म्हणजे विजेने पेटलेल्या विरळ वायूत, मिनिटभर ठेवावं लागतं.

सिलिकोनचा हा तुकडा परवा प्लाझ्मात ठेवला होता. बाहेर काढल्यावर पाण्याचा थेंब त्याच्यावर पसरून सपाट झाला होता. आता पुन्हा थेंब टाकतो... दिसलं मागच्यांना? पुन्हा गोल बसला. आतल्या साखळ्या वर सरकल्या आणि सिलिकोन मूळपदावर आलं. केस उगवायचे तर त्याच दिवशी, तुकडा ताजा असतानाच.