अब्रू खात्याची, जीव दुसऱ्याचा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सरकार, सैन्य आणि माहितीची सुरक्षा’. संयोजकांनी बजावलंय की शेवटी तीन उपाय सांगा, ऐकणाऱ्यांच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे. उपाय सांगणार आहे. पण त्याआधी एका फायलीची गोष्ट सांगायची आहे आणि ती मला थोडक्यात सांगता येत नाही, कारण ती आठवली की अजून संताप होतो.

माझं म्हणणं साधं आहे. सरकारी आणि लष्करी यंत्रणा ‘माहितीची सुरक्षा’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा स्वतःच्या खात्याची अब्रू असते. ज्याचं नाव, फोन नंबर, बायकामुलांची माहिती त्या फायलीत आहे, तो माणूस डोळ्यांसमोर नसतो. माहिती फुटली की खात्याला खुलासा द्यावा लागतो, त्या माणसाला घर सोडावं लागतं.

आता ती फाइल. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं. ब्रिटिश सैन्याबरोबर दुभाषे म्हणून, रक्षक म्हणून काम केलेली हजारो अफगाण माणसं मागे राहिली. त्यांना ब्रिटनमध्ये नेण्यासाठी योजना होती, तिच्यासाठी अर्ज आले. अशा अर्जात माणूस काय लिहितो? सगळं खरं लिहितो. मी कुणाबरोबर काम केलं, माझा नंबर काय, घरात कोण कोण आहे. अर्ज मंजूर व्हावा म्हणून जे लिहायचं, तेच तालिबानच्या हाती लागलं तर मृत्यूचं कारण. इतकी नाजूक यादी दुसरी शोधून सापडणार नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये पहिला फटका बसला. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने अफगाणिस्तानात लपलेल्या अर्जदारांना एक सामूहिक ईमेल पाठवला आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील अशा रकान्यात टाकले. अडीचशेच्या आसपास पत्ते, काहींचे फोटोसुद्धा दिसत होते. एकाने तर ‘सर्वांना उत्तर’ दाबून आपला ठावठिकाणा कळवला. पुढे तिथल्या माहिती आयुक्तांनी मंत्रालयाला साडेतीन लाख पौंड दंड केला. मंत्रालयाने माफी मागितली, नियम कडक केले म्हणून सांगितलं.

आणि त्या ईमेलनंतर पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, एका अधिकाऱ्याने एक स्प्रेडशीट बाहेर पाठवली. हेतू चांगला होता. अर्जदारांची ओळख पटवायला काही अफगाण संपर्कांची मदत हवी होती. आपण दीडशे अर्जदारांची नावं पाठवतोय अशी त्या अधिकाऱ्याची समजूत होती. फायलीत १८,७१४ लोकांची माहिती होती.

इथे जरा थांबतो. तुमच्यापैकी किती जण ऑफिसात रोज एक्सेल वापरता? जवळजवळ सगळे. आता असं सांगा, फाइल दुसऱ्याला पाठवण्याआधी लपवलेल्या ओळी उघडून बघता असे किती? पहिल्या रांगेत दोन हात, मागे एक अर्धवट. त्या अर्ध्या हाताचंही कौतुक आहे.

हे फार बारीक प्रकरण आहे, पण सगळं त्यातच आहे. मोठ्या यादीला फिल्टर लावला की पडद्यावर हव्या तेवढ्याच ओळी दिसतात. बाकीच्या गेलेल्या नसतात, नुसत्या दडलेल्या असतात. डावीकडच्या ओळींच्या आकड्यांकडे बघितलं तर कळतं. बारानंतर एकदम सत्तेचाळीस येतो, आणि आकड्यांचा रंग निळा झालेला असतो. तेवढीच खूण. ईमेलला जोडताना आख्खी फाइल जाते. आपण बघतो पडदा, पाठवतो फाइल. कागदाच्या काळात असं होत नव्हतं. कारकुनाने दोन पानं काढून दिली तर दोनच पानं जायची. सरकारी मन अजून त्या दोन पानांत आहे. पाकिटावर ‘गोपनीय’ लिहिलं, कपाटाला कुलूप घातलं, आवक-जावक रजिस्टरात नोंद केली की झालं. इथे नोंद, कुलूप सगळं असूनही माहिती निघून जाते, आणि जाते तेव्हा मूळ प्रत जागच्या जागी असते, त्यामुळे काही गेलंय हे कुणाला कळतही नाही.

मंत्रालयाला ते कळलं ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे दीड वर्षाने. फेसबुकवर कुणीतरी त्या यादीचा तुकडा टाकला तेव्हा. मग मंत्रालय कोर्टात गेलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला असा मनाई हुकूम लागू झाला की यादी फुटलीय हे तर छापायचं नाहीच, पण असा हुकूम आहे हेही छापायचं नाही. सुरुवातीचं कारण मी खोटं म्हणणार नाही. यादी अस्तित्वात आहे हे तालिबानला कळलं तर ते तिच्या मागे लागतील, त्याआधी जमतील तितकी माणसं हलवू. काही आठवडे, काही महिने हे समजू शकतं. हुकूम टिकला १५ जुलै २०२५ पर्यंत. जवळपास दोन वर्षं. मधल्या काळात गुपचूप एक वेगळी योजना काढून हजारो लोकांना हलवलं, ही चांगलीच गोष्ट. पण संसदेच्या गुप्तचर समितीला सांगितलं नाही. मधे निवडणूक होऊन सरकार बदललं, मतदारांना माहीत नाही. आणि ज्यांची नावं त्या यादीत होती त्यांतल्या बहुतेकांनाही सांगितलं नाही. आपलं नाव बाहेर गेलंय हे माहीत असतं तर एखाद्याने नंबर बदलला असता, कुणी दुसऱ्या गावी गेला असता, कुणी जुने कागद जाळले असते. ती संधी त्यांच्याकडून काढून घेतली गेली. शेवटी सरकारनेच नेमलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने आढावा घेतला. तालिबानकडे माणसं हुडकायला दुसरे मार्ग आहेतच, ही यादी हाती लागल्याने धोका फारसा वाढत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मग ही दोन वर्षांची गुप्तता नक्की कुणाचं रक्षण करत होती?

याच्या शेजारी दुसरी फाइल ठेवतो, कारण ती जवळपास त्याच आठवड्यातली आहे. ८ ऑगस्ट २०२३. उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाला माहिती अधिकाराखाली कुणीतरी विचारलं होतं की कोणत्या हुद्द्यावर किती लोक आहेत. निव्वळ आकडे मागितले होते. उत्तर म्हणून जी स्प्रेडशीट संकेतस्थळावर गेली, तिच्यात एक लपवलेलं पान राहून गेलं होतं. आडनाव, आद्याक्षरं, हुद्दा, नेमणुकीचं ठिकाण. ९,४८३ जणांचं. तिथे ब्रिटिश सत्तेच्या विरोधातल्या सशस्त्र गटांच्या भीतीने आजही काही पोलीस शेजाऱ्यांना आपली नोकरी सांगत नाहीत, गाडीत बसण्याआधी वाकून खाली बॉम्ब आहे का बघतात. फाइल दोन-अडीच तास तशीच होती.

चूक त्याच जातीची, दडलेला मजकूर न बघता फाइल पाठवण्याची. पण इथे फाइल जगासमोरच होती, लपवायला जागा नव्हती, म्हणून त्याच दिवशी सगळं जाहीर झालं. यादी त्या सशस्त्र गटांच्या हाती लागलीय असं धरूनच वागा, असं दलाच्या प्रमुखांनी काही दिवसांत उघड सांगितलं. लोकांनी घरं बदलली, सुरक्षेची साधनं लावून घेतली, संघटनेमार्फत दाद मागितली. फार सोसलं त्यांनी, पण काय करायचं ते त्यांना ठरवता तरी आलं. मला वाटतं, या दोन फायली शेजारी शेजारी ठेवून कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवल्या पाहिजेत.

सैन्याबद्दल वेगळं थोडं बोलतो, कारण तिथे शिस्त असते म्हणून सुरक्षाही असेल असा आपला समज असतो. २००८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या संगणकांच्या गोपनीय जाळ्यात पेन ड्राइव्हमधून एक किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, शिरला. तो साफ करायला वर्षाहून जास्त गेलं. हुकूम निघाला, पेन ड्राइव्ह बंद. हुकूम पाळला गेला. आणि २०१० मध्ये इराकमधल्या तळावरच्या एका विश्लेषकाने लाखो गोपनीय कागद बाहेर नेले ते पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवर, वर गायिका लेडी गागाचं नाव लिहून. भोक बुजवलं ते पेन ड्राइव्हच्या मापाचं. एका विश्लेषकाला एवढे लाखो कागद उघडता का येतात आणि त्याने ते उतरवून घेतले तर कुणाला कळतं का, हे प्रश्न हुकुमात नव्हतेच.

२०१८च्या जानेवारीत तर कुणी काही चोरलंही नव्हतं. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने जगभरच्या वापरकर्त्यांच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिलं की सीरिया-अफगाणिस्तानच्या अंधाऱ्या भागात मधेच उजळलेले चौकोन दिसतात. सैनिक सकाळी तळाच्या कुंपणाच्या कडेने धावत होते, मनगटावर घड्याळ होतं. तळाचा नकाशा तिजोरीत होता आणि त्याची हद्द सगळ्या जगाला दिसत होती.

खरं तर सैन्यालाच हे फार पूर्वी सांगून झालंय. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषाशिक्षकाने एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहिलं की संदेश दडवण्याची पद्धत अशी हवी, की ती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. आज तुमच्या फोनमधले निरोप याच तत्त्वावर सुरक्षित राहतात. पद्धत उघड्यावर ठेवायची, हजार जणांनी तिच्यातल्या चुका काढायच्या आणि म्हणून ती मजबूत व्हायची. ज्या कार्यालयात चूक दाखवणं हाच गुन्हा आहे, तिथे हे कसं रुजणार?

गुन्हा म्हणतोय ते उगाच नाही. एका मोठ्या कार्यालयात मी कर्मचाऱ्यांना शिकवायला जात असे. नाव घेत नाही. तिथल्या एका कनिष्ठ लिपिक बाईंच्या लक्षात आलं की पडद्यावर वरच्या पत्त्यात अर्ज क्रमांक दिसतो, आणि त्यातला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याच माणसाचा अर्ज उघडतो, कागदपत्रांसकट. त्यांनी साहेबांना लेखी कळवलं. उत्तर म्हणून त्यांना नोटीस आली की आपण परवानगीशिवाय दुसऱ्याचा अर्ज का उघडलात याचा खुलासा करावा. दोष पुढे कित्येक महिने तसाच. खुलासा मात्र मुदतीत मागून घेतला. त्या बाईंनी त्यानंतर कधी काही कळवलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यांना कोण दोष देईल? त्या कार्यालयाने आपला सगळ्यात जागरूक माणूस त्या दिवशी गमावला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. तीन उपाय भराभर सांगतो.

एक, जमवा कमी. अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचारी कार्यालयातून २०१५ मध्ये २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यात गोपनीय पदांसाठी भरून घेतलेले अर्ज होते. कर्ज, मानसोपचार, परदेशातले नातेवाईक, सगळं. आणि ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे. फुटलेला पासवर्ड बदलून मिळतो, ठशांचं काय करणार? प्रत्येक नव्या रकान्यापुढे विचारा, हा नसला तर काय अडेल? काही अडत नसेल तर काढून टाका, आणि जुनं झालेलं पुसा.

दोन, भोकं सांभाळून ठेवू नका. अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्याने विंडोजमधला एक दोष हेरगिरीला उपयोगी म्हणून वर्षानुवर्षं स्वतःपाशी ठेवला. त्या दोषावर बनवलेलं हत्यारच चोरीला गेलं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली, सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती. मे महिन्यात तेच हत्यार वापरून ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने दीडशे देशांत संगणक अडवले, इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. चोरदरवाजांचंही तेच. अथेन्समध्ये २००४-०५ मध्ये फोन कंपनीच्या यंत्रात पोलिसांसाठी असलेली टॅपिंगची सोय अज्ञातांनी वापरली आणि शंभरावर लोकांचे फोन ऐकले. त्यात खुद्द पंतप्रधानांचा फोन होता. आपल्यासाठी ठेवलेल्या दारातून आपणच येऊ, असं धरून चालणारी सरकारं अजूनही असं दार मागतात. देऊ नका.

तीन, ज्याची माहिती गेली त्याला कळवा, आणि मुदतीत कळवा. युरोपात खासगी कंपनीकडून अशी चूक झाली की नियामकाला ७२ तासांत कळवावं लागतं, धोका मोठा असेल तर संबंधित माणसांनाही विनाविलंब. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली सरकारं यातून स्वतःला बाहेर ठेवतात. खरंच गुप्तता हवी असेल तेव्हा ती घ्यावी, पण तिला शेवटची तारीख हवी, आणि ती वाढवायची की नाही हे चूक करणाऱ्या खात्याने ठरवू नये. संसदेतले दोघे-चौघे आणि खात्याबाहेरचा एक तांत्रिक जाणकार, एवढ्यांना तरी पहिल्या दिवसापासून माहीत असावं. चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण हे याच नियमात, वेगळ्या परिपत्रकात नको. परिपत्रकं मागे घेतली जातात.

वेळ झाली. मघाशी मागून अर्धा हात वर झाला होता, पहिला प्रश्न तिकडून घेतो.