लाईट गेल्यावरची टाकी

(ठाण्यातील मत्स्यशौकिनांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरातली मोठी रीफ टँक : उभारणी ते पहिलं प्रवाळ’. रीफ टँक म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. वेळ पाऊण तास. त्यातली पाच मिनिटं माइकने खाल्ली आणि पाच माझ्या परिचयाने. म्हणून आधीच सांगून ठेवतो, प्रवाळापर्यंत आपण पोचलोच तर धापा टाकत पोचू. तसं पाहिलं तर मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती गेली काही वर्षं मी दिसेल त्याला सांगत सुटलोय. टाकीची आखणी लाईट असतानाची करू नका. लाईट गेल्यावरची करा. बाकी सगळं मागून येतं.

इथे बहुतेकांकडे गोड्या पाण्याच्या टाक्या आहेत, त्यामुळे फिल्टर म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. ज्यांना घरच्यांनी ओढून आणलंय त्यांच्यासाठी मागे चहा आहे.

मोठी म्हणजे केवढी? सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. २४ घनफूट, म्हणजे ६८० लिटर. समुद्राचं पाणी लिटरला एक किलो पंचवीस ग्रॅम भरतं. म्हणजे नुसतं पाणीच सातशे किलोच्या आसपास. १२ मिलीमीटरची काच सव्वाशे किलो. दगड आणि वाळू शंभर. त्यात स्टँड, आणि स्टँडच्या पोटात सम्प, म्हणजे दुसरी टाकी, तिच्यातलं पाणी वेगळं. टनाच्या वर गेलो आपण. आणि टनाच्या वर गेलं की विषय घराचा राहत नाही, सोसायटीचा होतो.

आता हे जरा लांबेल. पण इथे फ्लॅटमध्ये राहणारेच बसलेत, तेव्हा तुम्हीही यातून जाणार आहात.

आमच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पार्किंगचे पट्टे आणि कबुतरांची जाळी यांच्या मध्ये एक ओळ होती, ‘सदस्यांच्या सदनिकेतील समुद्राबाबत विचार करणे’. माझं नाव नव्हतं, पण सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तयारी करून गेलो होतो. उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या हॉलमध्ये सत्यनारायणाला वीस माणसं बसतात. सरासरी साठ किलो धरा, बाराशे किलो झाले. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही! टाळी पडेल अशी अपेक्षा होती. मागच्या रांगेतले एक निवृत्त ओव्हरसीअर बसल्या जागेवरून म्हणाले, “ती माणसं प्रसाद घेऊन उठतात.”

आणि त्यांचं बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरावा, असं आपलं भारतीय मानक सांगतं. आपली टाकी उभी असते एका चौरस मीटरपेक्षा जेमतेम जास्त जागेवर, आणि तिथे ती हजार किलो टाकते, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. याचा अर्थ स्लॅब तुटेल असा नाही. तो दोनशेचा आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या वजनाचा आहे. पण म्हणून टाकी हवी तिथे ठेवता येते असंही नाही. शेवटी आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. त्याने इमारतीचे नकाशे मागितले, आणि ते सोसायटीकडे नव्हते. नकाशे शोधण्यात गणपती गेले, दिवाळी गेली. मग त्याने भिंती ठोकून पाहिल्या आणि सांगितलं की ज्या भिंतीखाली बीम आहे तिला टाकीची लांब बाजू लावा, जमेल तितकी कॉलमजवळ. खोलीच्या मधोमध नको. गॅलरीत तर नकोच नको, कारण ती बाहेर लोंबकळत असते. जुन्या इमारतीत असाल तर हे माझ्या भरवशावर करू नका, आपला इंजिनिअर आणा. त्याची फी तुमच्या एका दिव्यापेक्षा कमी असते. सर्टिफिकेट मिळालं तेव्हा होळीच्या गोवऱ्या आल्या होत्या.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण असं. इतक्या सभा, इतके अर्ज, आणि प्रत्येक जण वजनाबद्दल बोलत होता. खरा प्रश्न एकाच माणसाने विचारला, तोही जिन्यात. खालच्या मजल्यावरच्या काकू. म्हणाल्या, “अहो, वजनाचं ते इंजिनिअर बघून घेतील. मला सांगा, लाईट गेली की ते पाणी कुठं जातं?”

मंडळी, दुकानदाराने हा प्रश्न मला विचारला नव्हता. व्हिडिओ बनवणारे तर विचारतच नाहीत, त्यांच्याकडे बहुतेक लाईट जात नसावी.

काय होतं ते पाहा. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोवरून, म्हणजे काठाशी असलेल्या खणातून, खाली सम्पमध्ये पडतं आणि रिटर्न पंप ते परत वर पाठवतो. लाईट गेली, पंप थांबला. आता रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो आणि वरचं पाणी त्याच वाटेने खाली यायला लागतं. कुठवर? पाइपचं तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत. आपल्या टाकीचा पृष्ठभाग बारा चौरस फूट. म्हणजे पातळी एक इंच उतरली की बरोबर एक घनफूट, २८ लिटर पाणी खाली येतं. रिटर्नचं तोंड तीन इंच खोल ठेवलंत तर ८५ लिटर. शिवाय ओव्हरफ्लोच्या खणातलं आणि पाइपांमधलं वेगळं. तेवढी रिकामी जागा सम्पमध्ये आहे का? नसेल तर ते काकूंच्या छतावर.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावतो, असं कुणी म्हणेल. लावा हौसेने, पण त्याच्यावर झोपू नका. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर कॅल्शियम चढतं, नळी बांधून राहणारे समुद्री किडे घर करतात. माझ्या एका मित्राच्या व्हॉल्व्हमध्ये गोगलगाय बसली होती, मोहरीएवढी. तिने त्याचं लाकडी फ्लोअरिंग संपवलं. त्यापेक्षा रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या इंचभर खाली ठेवा, आणि सम्पमध्ये हिशेबाच्या दीडपट जागा मोकळी सोडा.

दुसरा अपघात लाईट परत आल्यावरचा. पाणी उतरवायच्या पाइपांसाठी काचेला भोक पाडायला माणूस घाबरतो, म्हणून मागे अडकवायचा सायफनचा डबा घेतो. लाईट गेल्यावर त्या सायफनमध्ये हवा शिरली तर तो तुटतो. लाईट आली, पंप सुरू झाला, वर पाणी जातंय, खाली मात्र येत नाही. सम्प रिकामा होईपर्यंत तुमचा हॉल भरत राहतो. म्हणून टाकी भोक पाडूनच घ्या, आणि उतरणारे पाइप तीन ठेवा. एक पूर्ण भरून वाहणारा, एक थोडं पाणी घेणारा, तिसरा कोरडा, पहिले दोन तुंबले तर कामाला येणारा. मीठ घालायच्या आधी साध्या पाण्यावर सगळं चालवा आणि मेन स्विच बंद करा, चालू करा, बंद करा. घरातले वैतागेपर्यंत. सम्पवर मार्करने रेघ मारा, याच्या वर पाणी भरायचं नाही.

जमिनीचं झालं. आता माशांचं. गोड्या पाण्याची टाकी ठेवणारे इथे गाफील राहतात. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलीग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पाणी ३० अंशाला गेलं की सव्वासहा. म्हणजे मुळात शिल्लक कमी, तापलं की आणखी कमी, आणि तापल्यावर माशाला लागतो जास्त. श्वास फक्त मासे घेत नाहीत, दगडातले जिवाणूही घेतात. त्यांना विसरून चालत नाही, सगळी टाकी तेच चालवतात.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय ना? सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद. लोकल जागच्या जागी उभ्या. काही भागांत लाईट यायला रात्र झाली. कोविडचा काळ, सगळे घरात. आमच्या इन्व्हर्टरवर तीन दावेदार होते. मुलाची ऑनलाइन शाळा, बायकोचं ऑफिस आणि माझा वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी ढवळत ठेवणारा छोटा पंप. मतदान झालं, मी दोन विरुद्ध एक हरलो. मग मोबाइलचं नेटवर्कही डुगडुगायला लागलं, शाळा आणि ऑफिस आपोआप बाद झाले आणि मी बिनविरोध निवडून आलो.

गणित सांगतो. घरातली १५० अँपिअर-आवरची बॅटरी, १२ व्होल्ट. कागदावर १८०० वॅट-आवर, हातात निम्मेच धरा. पाणी थंड ठेवणारा चिलर चारपाचशे वॅट खातो, दोन तासांत बॅटरी खलास. वीस वॅटचा एक वेव्हमेकर त्याच बॅटरीवर चाळीस तास फिरतो. तेव्हा इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर, तोंड वर, पृष्ठभाग ढवळेल असं. पाण्यात ऑक्सिजन पृष्ठभागातून शिरतो. सातशे लिटर पाणी लगेच तापत नाही, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दीडेक अंशच चढलं होतं. गुदमरायला मात्र काही तास पुरतात. त्या वेळात खाणं घालायचं नाही. आणि बॅटरीवरचा एक छोटा हवेचा पंप कपाटात असू द्या, कोळंबी जिवंत विकणारे वापरतात तसला.

यात नवं काही नाही. जकार्तात ली चिन एंग नावाचे गृहस्थ होते. १९६१ साली त्यांची पद्धत जगापुढे आली. जिवंत दगड, समुद्राचं पाणी, बारीक बुडबुडे आणि उन्हाचा उजेड. बस. बिघडायला काही नव्हतंच. आपल्याला जसंच्या तसं जमणार नाही, कारण त्यांच्याजवळ स्वच्छ समुद्र होता आणि आपल्याजवळ ठाण्याची खाडी आहे. पण हौशी माणूस नवं यंत्र आणतो तेव्हा त्याने एकदा एंगना आठवावं. हे बंद पडलं तर काय मरेल?

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली म्हणतात. ठीक. आता उभारणी!

पाणी. नळाचं किंवा नुसतं आरओचं नको, आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. त्यात रीफचं मीठ, क्षारता ३५, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम क्षार. सगळं मिळून ७५० लिटरला २६-२७ किलो मीठ लागेल. वाफ होऊन जातं ते फक्त गोडं पाणी, म्हणून वरून भरायचं तेही गोडं. इथे दर वेळी कुणीतरी खारं भरतो. तापमान २५-२६. पुण्यात उन्हाळ्यात पृष्ठभागावर पंखा लावून दोनतीन अंश उतरतात, आपल्याकडच्या दमटपणात पंखा नुसता फिरतो. इथे चिलर लागतो, आणि तो पाण्यातली उष्णता खोलीत ओततो, तेव्हा त्याला खिडकीजवळ जागा.

दगड. कोरडा, सच्छिद्र, दुकानातला. किनाऱ्यावरून उचलून आणायचा नाही. मग अमोनिया घालून जिवाणू वाढू द्यायचे, अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट. चार ते सहा आठवडे टाकीत एकही मासा नाही. नंतर तपकिरी थर येईल, हिरवं शेवाळ येईल. येऊ द्या. त्यावर उपाय म्हणून दर आठवड्याला औषधाची नवी बाटली ओतू नका.

आकडे लिहून घ्या. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ८ ते ९ डीकेएच (तिचं माप). लिटरमागे मिलीग्रॅममध्ये कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० ते १३५०. नायट्रेट आणि फॉस्फेट थोडं असावं, अगदी शून्यावर आणू नका. आकडा किती आहे यापेक्षा तो हलत नाही ना, हे बघा.

प्रवाळ. हे घाईत सांगतोय, पण नीट ऐका. २००१ पासून सगळी कठीण, रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत. काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप, सी-फॅन हेही. समुद्रघोडासुद्धा. २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ छोट्या वसाहती हलवायच्या होत्या, तर खुद्द महापालिकेला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. तिथे ‘माल आलाय, फोटो पाठवू का’ म्हणणाऱ्या माणसाकडे कुठला कागद असेल? कठीण प्रवाळ घरात नकोच. टाकी भरायला मऊ जाती आहेत, लेदर, मशरूम, झोअँथिड, आणि त्यांचीही पावती आणि उगम विचारूनच घ्या. झोअँथिड असलेला दगड कधीही उकळायचा नाही, ब्रशने कोरडा घासायचा नाही. त्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, त्याची वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते. हातमोजे, चष्मा.

मऊ जातींना फार प्रखर दिवा लागत नाही, महागडा घेऊ नका. उरलेल्या पैशात दुसरा वेव्हमेकर घ्या.

मासे. क्लाउनफिश पैदाशीचेच घ्या, तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करून दाखवली आहे, समुद्रातले पकडलेले घ्यायचं काही कारण नाही. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत, चार आठवडे. मग एक जोडी, महिनाभर थांबा, मग पुढचा. टँग जातीचा मासा सगळ्यात शेवटी, कारण तो आधी आला तर नंतर येणाऱ्यांना जगू देत नाही. अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. चिलर कुठल्या मापाचा, इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह का, ते चहाच्या टेबलाशी विचारा. सम्पचा नकाशा मी सोबत आणलाय.